चिलापीचे खळगे

उन्हाळ्यात उजनी धरण 'मायनस'मध्ये गेलं की आमच्या जेऊर भागातल्या ऊस-केळीवाल्यांची तोंडं उतरतात आणि माझी मात्र रविवारची सोय होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. पाणी मागे सरकलं की गाडी पार जुन्या शिवारापर्यंत जाते. बुडालेले बांध उघडे पडतात, एखाद्या विहिरीचं कडं दिसतं, बाभळीची काळी खुंटं वर येतात. खुंटाच्या आसपास गळ टाकला की काही ना काही लागतंच. कणकेची घट्ट गोळी, थर्माकोलचा तुकडा, डोक्याला टॉवेल. याहून जास्त सामान मी कधी बाळगलं नाही.

असाच एकदा कुगावच्या बाजूला उतरलो होतो. गाळ वरून सुकून तडकला होता, खाली अजून ओल होती. त्यात गोल खळगे दिसले. परातीएवढे, एकाला एक लागून, शंभरेक तरी असतील. प्रत्येकाला मातीची उचललेली कड आणि आत साफ तळ, कुणी हाताने सारवल्यासारखा. मला वाटलं म्हशींचे खूर. जवळच जाळं झाडत बसलेले एक म्हातारे भोई हसले. "म्हशी कशाच्या? चिलापीची घरं हायती ती. नरानं तोंडानं उकरल्यात."

त्या खळग्यांवरून मला उजनीतल्या माशांचं गणित उलगडलं.

उजनी १९८० साली भरली. पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६४ च्या आसपास मृतसाठा. वापरायचं पाणी संपलं की वजाबाकी सुरू होते, आणि २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांजवळ जाऊन टेकली होती. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की पेपरात फोटो येतात. पण माशाच्या दृष्टीने बघा. ज्या उथळ काठावर ऊन पोचतं, शेवाळ धरतं, किडे होतात, पिल्लांना लपायला जागा असते, तो काठच इथे जागेवर राहत नाही. उतार सपाट असल्यामुळे पाणी दोन हात उतरलं तरी काठ कुठल्या कुठे जातो. ज्या माशाने तळावर किंवा गवताला अंडी चिकटवली, त्याची अंडी वाळून गेली म्हणून समजा.

चिलापीचं तसं नाही. नर खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेऊन निघून जाते. पुढचे दोन-तीन आठवडे अंडी आणि मग पिल्लं, सगळा संसार तोंडात. तेवढे दिवस ती जवळजवळ उपाशी असते. म्हणून पिलावळीची मादी गळाला सहसा लागत नाही. जाळ्यात मात्र येते. त्या म्हाताऱ्यांनी अशी एक मादी धरून तिचा जबडा दाबला, तर बाजरीहून जरा मोठे पिवळे दाणे तळहातावर आले. पाणी हटलं तर घर जातं, पोरं जात नाहीत. धरणात गावं गेलेल्या माणसांच्या या भागात हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला, लवकर वाढतो आणि काहीही खातो म्हणून. ते दोन्ही त्याने खरं करून दाखवलं. वीतभर होण्याआधीच तो वयात येतो, गर्दी झाली की खुरटतो आणि खुरटूनही पिल्लं काढतच राहतो. भिगवणच्या बाजारात आज चिलापीचंच राज्य आहे आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटते, हेही खरं. तिखटमिठात घोळवून तळलेली चिलापी मीही सोडत नाही.

मग रोहू, कटला, मृगळ? तेही पाहुणेच, गंगेकडचे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी माशाला पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, तेव्हापासून बीज कारखान्यासारखं तयार करता येऊ लागलं. आधी मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून धरणात. सोडताना फोटोही निघतात. त्यानंतर बारीक आसाच्या जाळ्यांचा वडाप फिरतो आणि बोटाएवढी पोरं किलोच्या भावाने उचलून नेतो. बीज सोडण्यावर माझा राग नाही, पण आधी वडाप बंद झाला पाहिजे. नाहीतर ते चाळणीत पाणी भरणं आहे.

या पाण्याचे खरे वतनदार वेगळेच होते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि नावं देताना कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्दच उचलले. लॅटिन यादीत आजही 'पोटेल' आहे, 'कोलस' आहे, 'फुलुंगी' आहे. महसीर जातीचा 'खुद्री' म्हणजे आपला खडशी, त्याने तो पुण्याजवळ मुळा-मुठेत पाहिला. तेच पाणी भीमेतून आमच्याकडे येतं. आता येतं ते पुणे-पिंपरीचं सांडपाणी घेऊन. उन्हाळ्यात ते हिरवंगार होतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंडाने आ-आ करतात. तिथे चिलापी टिकते. खडशीला खडकावरून वाहणारं स्वच्छ पाणी लागतं.

लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर खडशीचं बीज १९७० च्या दशकापासून तयार होतं. ते देशभर गेलं, कावेरीतही सोडलं, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडला. म्हणजे चांगल्या हेतूने सोडलेला मासाही कुणाचं तरी घर घेतोच. हल्ली उजनीच्या जाळ्यात सकर मासाही येतो. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतून सुटलेला, काटेरी, जाळं फाडणारा.

गळवाल्यांनाही एक सांगायचं आहे. मरळ पिल्लांवर असला की पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका तरंगतो आणि आईबाप त्याखाली राखणीला असतात. त्या पुंजक्यात जिवंत बेडकी सोडली की मरळ धावून येतो. खायला येतो असं नाही, हाकलायला येतो. त्याला गळाला लावण्यात कसली मर्दुमकी? दुसरी खोड पहिल्या पावसाची. ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे धरायला निम्मं गाव पोती आणि साड्या घेऊन धावतं. गाभोळी भरलेला मासा चवीला लागतो, हे मला ठाऊक आहे. मीही धावलोय.

त्या म्हाताऱ्यांना विचारलं, "तात्या, खडशी बघितलाय का तुम्ही?"

"आमच्या आज्यानं बघितला आसंल. धरणाच्या आधी."

"आणि मळ्या?"

"तो घावतो की अजून, वरच्या ओढ्याला. दगडाला चिकटून बसतोय. एवढासा." त्यांनी करंगळी दाखवली.

मी म्हटलं, साइक्स साहेबाने त्याचं नाव 'मुल्या'च लिहिलंय, अजून जगभर तेच चालतं. तात्यांनी जाळ्यातली एक गाठ सोडवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "मग दुसरं काय म्हणणार? त्याचं नाव मळ्याच हाय."