बंद करणारा पाहिजे

कधी थांबायचं हे ज्याला कळत नाही, अशी चीज घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांच्या बाबतीत हा नियम पाळता येत नाही, कारण ती नात्यातली असतात. विजेच्या उपकरणांच्या बाबतीत पाळता येतो, आणि नेमका तिथेच आपला मध्यमवर्ग ढिला पडतो.

विषय आहे प्लगमध्ये खोचायच्या थर्मोस्टॅटचा. हा भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा, ह्याच्या पोटात हीटरचा प्लग खोचायचा आणि ह्याची शेपटी, म्हणजे सेन्सर, जिथली ऊब सांभाळायची तिथे नेऊन सोडायची. ठरवलेला आकडा आला की हा वीज तोडतो, ऊब उतरली की पुन्हा जोडतो. बस्स, एवढंच काम. कल्पना तर फारच जुनी. १६३३ साली वारलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच गृहस्थाने, स्वतःची आच स्वतःच कमीजास्त करणारी, कोंबडीवाचून अंडी उबवणारी पेटी केली होती. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश गृहस्थाने दोन धातू चिकटवलेल्या पट्टीचं पेटंट घेतलं. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. (दोन स्वभाव जन्माचे चिकटवले की कुणीतरी एक वाकतो, हे आपल्याकडे पेटंट न घेताच ठाऊक होतं.)

पुण्या-नाशिकच्या थंडीत या यंत्राचं काम इडलीच्या पिठापासून सुरू होतं. पीठ रात्रभर पातेल्यात ढिम्म बसून राहतं. मग कुणीतरी थर्मोकोलची पेटी आणतो, आत पातेलं आणि बल्ब ठेवतो. पूर्वी यासाठी झिरोचा बल्ब असे. त्याचं नाव झिरो आणि खाणं पंधरा वॉटचं. पण तो खाल्लेलं उष्णता म्हणून परत देई. हल्लीचा एलईडी इतका काटकसरी की त्याच्या उजेडात पीठ फक्त दिसतं, फुगत नाही. मग बल्बाच्या जागी छोटा हीटर येतो, त्याच्यामागून थर्मोस्टॅट येतो, आणि पीठ एकदा तीस अंशांवर फुगलं की घरातल्या कर्त्या पुरुषाच्या अंगात शास्त्रज्ञ शिरतो. आज पीठ, उद्या दही, परवा माशांची टाकी, आणि एका रात्री आईच्या खोलीतला दोन हजार वॉटचा हीटर. यंत्र मात्र पिठासाठी घेतलेलं तेच!

माझं भांडण इथून सुरू होतं.

दुकानात जाऊन मी विचारलं, "हा किती अँपिअरचा?"

"साहेब, ऑटोमॅटिक आहे."

"ते कळलं. अँपिअर किती?"

"डिजिटल आहे साहेब. मोबाइलवरून पण चालतो."

मुलीचं शिक्षण विचारावं आणि समोरच्याने तिची नथ दाखवावी, तसा हा प्रकार. वास्तविक पहिला प्रश्न अँपिअरचाच. दोन हजार वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. खोक्यावर १० लिहिलेलं असलं म्हणून रात्रभर ८.७ ओढायचे नसतात. पंगतीत दहा पुऱ्या खाणाऱ्याला कुणी दर तासाला पावणेनऊ वाढत नाही. एक तर सोळा अँपिअरचा थर्मोस्टॅट घ्यावा, नाही तर हीटर हजार वॉटच्या बटणावर चालवावा. आणि खोचायचा तो सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटात, तीन पायांनी. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डात नव्हे.

आमचे मेव्हणे न्यू जर्सीला असतात. त्यांनी असाच एक थर्मोस्टॅट मोठ्या प्रेमाने आणला.

"दाजी, एकदम टॉप क्लास. पॉइंट वन डिग्रीपर्यंत दाखवतो."

"पाठीवर १२० व्होल्ट लिहिलंय."

"अॅडॉप्टर लावा की."

अॅडॉप्टरने पाय बदलतात, व्होल्ट बदलत नाहीत, हे त्याला पटवायला एक जेवण खर्ची पडलं. त्यातून तो थर्मोस्टॅट फॅरनहाइटमध्ये बोलणारा. पिठाला शहाऐंशी अंश लावायचे म्हटल्यावर सौ.ने ते पातेलंच उचलून माजघरात नेलं.

या दशांशाच्या आकड्यावर तर माझा विशेष राग आहे. पडद्यावर ३०.१ दिसलं म्हणजे पेटीत ३०.१ आहे, असं मुळीच नाही. आतला सेन्सर एखाद्या अंशाने इकडे तिकडे असतोच. तो फक्त दशांशात चुकतो, म्हणून आपल्याला आदर वाटतो. खात्री करायची तर वितळत्या बर्फाच्या पाण्यात शेपटी बुडवावी, शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात शंभराची वाट पाहू नये. पुणं समुद्राच्या बरंच वर आहे, इथलं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं.

बारीक फरकाचा सोसही तसाच. तीस अंशांना बंद आणि २९.८ ला चालू असं लावून लोक यंत्राला दर मिनिटाला टकटक करायला लावतात. आतल्या साध्या रिलेचं आयुष्य लाखभर टकटकींचं असतं. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १४४०, आणि सत्तर दिवसांत लाख संपला. पिठाला दोन अंशांच्या फरकाने काही होत नाही. ते इडली होणार आहे, उपग्रह नव्हे.

आणि तो रिले मरतो कसा, हाच खरा प्रश्न. दुकानदार सांगतो, बिघडला तर बंद पडेल. पुष्कळदा उलटं होतं. ठिणग्यांनी त्याचे दोन्ही ओठ वितळून चिकटतात आणि तो चालूच राहतो. पडद्यावर 'बंद' दिसतंय, आणि शेजारच्या खोलीत म्हातारं माणूस शाल ओढून झोपलंय, पलंगाजवळ हीटर तापतोच आहे. हा हिशोब मांडल्यावर मला दशांश, मोबाइल आणि निळा पडदा यांच्याविषयी काहीही आस्था उरत नाही. खोलीसाठी मी तोच हीटर घेईन, ज्याच्या पोटात स्वतःचा वेगळा कट-ऑफ आहे आणि जो कलंडला तर विझतो. थर्मोस्टॅट त्याच्यावरचा मुकादम. मुकादम झोपला तरी मजुराला अक्कल हवी.

शेपटीचंही तेच. बादलीतल्या पाण्याच्या रॉडवर हा थर्मोस्टॅट लावणारे शूर लोक मी पाहिले आहेत. शेपटी बादलीतून सटकून फरशीवर पडली, की यंत्र अत्यंत प्रामाणिकपणे डिसेंबरातल्या न्हाणीघराचं तापमान मोजतं आणि म्हणतं, अजून गारच आहे, तापवा!

शिवाय आपली वीज. ती जाते, आणि आली की काही यंत्रांना आपण कोण होतो हेच आठवत नाही. घ्यायच्या आधी दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून पाहावं. लावलेला आकडा कायम राहिला तर घ्यावा. हीटरचीही परीक्षा तीच. बोटाने स्पर्श करून चालू होणारे गुळगुळीत हीटर वीज परत आली तरी झोपूनच राहतात, आणि थर्मोस्टॅट पहाटेपर्यंत त्यांना वीज पुरवत बसतो. खटक्याचं जुनं बटण असलेला हीटरच या कामाचा.

पेटीच्या बाबतीत आणखी एक वस्तू लागते. थर्मोकोल शंभरीला पोचण्याआधीच मऊ पडतं, म्हणून पेटीत, हीटरजवळ, फेजच्या तारेत बहात्तर किंवा सत्त्याहत्तर अंशांचा एक थर्मल फ्यूज जाणत्या वायरमनकडून जोडून घ्यावा. थर्मोस्टॅटपुढे त्याची किंमत किरकोळ. झगझगीत दुकानात तो मिळत नाही. मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडे विचारावं. मात्र अंश सांगून मागा, नाही तर तो भाताच्या कुकरचा देईल, आणि तो फ्यूज तुटेपर्यंत पेटी शिल्लक राहणार नाही. आमच्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने मला आधी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" इडलीसाठी, म्हटल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि दोन दिले.