राणीछाप रुपया विकण्याआधी

देवघरातल्या डब्यात किंवा आजीच्या ट्रंकेत राणीछाप, राजाछाप रुपये असतील आणि ‘या नाण्याचे पाच लाख मिळतील’ असा व्हिडिओ मोबाईलवर आला असेल, तर एक कळकळीची विनंती आहे : घाई करू नका.

यातली फसवणूक ठरलेल्या वाटेने होते. फोन केला की समोरचा सौदा लगेच मान्य करतो आणि मग नोंदणी, जीएसटी, प्रमाणपत्र अशी नावं सांगून तुमच्याकडूनच पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की अशा व्यवहारांत ती नसते, शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याकडे पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आवर्जून सांगा.

नाणं जुनं म्हणून महाग, असं नसतं. राणीच्या रुपयावर १८६२ साल पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं जात होतं. म्हणून बारीक फरकांचे काही प्रकार सोडले, तर तो रुपया आजही सहज सापडतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, पण चलनात फारसा आलाच नाही म्हणून दुर्मिळ. त्याच्या नकलाही म्हणूनच उदंड.

धातूचं गणित मात्र घरबसल्या करता येतं. १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. रुपया फार झिजलेला नसेल, तर त्यातल्या चांदीचा त्या दिवसाचा भाव ही तुमची तळाची किंमत. त्याखाली देऊ नका.

‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं छापलेली रामदरबाराची, हनुमानाची तांब्याची नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. श्रद्धेने पूजेत ठेवा, लाखांची आशा धरू नका. आणि तांदूळ ओढून घेणारं नाणं दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंचेने, पितांबरीने घासायची सवय सोडा. घासताना मुकुटाची नक्षी आणि केसांच्या बटा झिजतात, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्याच बारकाव्यांसाठी. वर चढलेली काळपट झाक त्याला चालते, घासल्याच्या रेघा चालत नाहीत. कडी लावलेलं किंवा टाका दिलेलं नाणं तर बहुधा चांदीच्याच भावाने जातं.

विकायचंच असेल तर वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, निदान दोन-तीन जाणकार व्यापाऱ्यांना दाखवा. जाहिरातीतला आकडा धरू नका. लिलावात तसं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं, ते विचारा. शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायलाही बंदी आहे.

आणि पैशांची नड नसेल तर विकूच नका. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि ते घरात कुणाकडून, कसं आलं हे पाकिटावर लिहून ठेवा.