गुलाबदाणीतला चैत्र

चैत्रगौर झोपाळ्यात बसली की घरोघर हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. वाटली डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची फोड आणि दारातून आत आलेल्या बाईच्या हाताला अत्तर लावून वर गुलाबपाण्याचा शिडकावा. पाडव्यानंतरच्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर हे चालते. डाळीत घातलेली कैरी पुरेशी आंबट होती का, याची चर्चा जिन्यावर उतरेपर्यंत रंगते. गुलाबदाणीत काय भरले होते, हे मात्र कोणी विचारत नाही. दुकानातून बाटली आणायची, चांदीच्या दाणीत ओतायची आणि शिंपडायची, एवढाच आपला गुलाबपाण्याशी संबंध उरला आहे. यंदा चौकशी थोडी वाढवावी. ज्या फुलाचे ते पाणी असायला हवे, ते नेमके याच सुमारास उमलते आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही.

आपल्याकडच्या बागकामवाल्यांना हे पटकन खरे वाटणार नाही. महाराष्ट्रात गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात, बहर थंडीत. होळीनंतर फुलांचा आकार घटतो, पाकळ्यांच्या कडा करपतात आणि चैत्रात गच्चीवरचा कारभार मोगरा हाती घेतो. पण हाथरस जिल्ह्यातले हसायन, अलीगढ, कनौज आणि राजस्थानातले पुष्कर इथला देशी गुलाब उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो. त्याला तिकडे चैती गुलाबच म्हणतात. उत्तरेतले महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे त्यांचा चैत्र धुळवडीलाच लागतो, आपल्या पाडव्याच्या पंधरा दिवस आधी. आपण गुढी उभारतो तेव्हा त्या शेतांवर खुडणी जोरात चाललेली असते.

फूल दिसायला साधेच. फिकट गुलाबी, तीसएक पाकळ्यांचे, विस्कटलेले. दांडा आखूड आणि झुडपाला काट्यांची दाटी. फुलदाणीत ठेवावे तर संध्याकाळपर्यंत टेबलावर पाकळ्यांचा सडा. त्याची सारी श्रीमंती वासात, आणि तीही उन्हाला भिते. सूर्य वर आला की पाकळीतले तेल उडू लागते, म्हणून खुडणी उजाडण्याच्या सुमारास करायची आणि पोती सकाळीच भट्टीवर पोचवायची. एक किलो शुद्ध तेलाला, ज्याला अत्तरवाले ‘रूह’ म्हणतात, साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात.

कनौजची भट्टी आजही जुन्याच पद्धतीची आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, झाकणाच्या फटीवर चिकणमातीचा लेप, तिथून निघणारी सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपका नावाच्या भांड्यात. अत्तर करायचे तर भपक्यात आधीच चंदनाचे तेल घालून ठेवतात. वाफ त्यात मुरते. आच किती हवी, भपका कधी बदलायचा, हे कारागीर हाताने चाचपून ठरवतो. या विद्येचे श्रेय लोककथेने नूरजहाँला देऊन टाकले आहे. जहांगीर स्वतः मात्र आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचा शोध तिच्या आईने लावल्याचे नोंदवतो. लखनौच्या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेने या गुलाबाचा जो वाण काढला, त्याचेही नाव ‘नूरजहाँ’. सासूबाईंचे श्रेय जावयाने लिहून ठेवले, तरी गाजली लेकच!

गुलाबपाणी म्हणजे तेल काढल्यावर उरलेले पाणी, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. गुलाबाच्या गंधातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो. वर तरंगणाऱ्या तेलात तो थोडाच उतरतो, बाकीचा पाण्यात राहतो. ताज्या फुलाची ती ओळखीची गोडी म्हणूनच पाण्यात जास्त सापडते. पण हाच पदार्थ कारखान्यातही स्वस्तात बनतो. तो पाण्यात ढवळला, वर गुलाबी रंग टाकला की झाले ‘गुलाबजल’. फुलाचा संबंध फक्त लेबलावरच्या चित्रापुरता.

वर्षातून एकदाच फुलण्याची खोड ही एकट्या चैती गुलाबाची नाही. युरोपातले बहुतेक जुने गुलाब असेच होते. बल्गेरियातल्या कझानलूकच्या खोऱ्यात याच जातीची खुडणी मेच्या मध्यापासून जूनपर्यंत चालते आणि 1903पासून तिथे गुलाबोत्सव भरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनचे सतत फुलणारे गुलाब युरोपात पोचले, त्यांच्याशी संकर झाले आणि 1867मध्ये फ्रान्समध्ये निपजलेल्या ‘ला फ्रान्स’पासून आधुनिक गुलाबाचे युग मोजतात. आज आपल्या कुंडीत बारमाही फुलणारा जो गुलाब आहे, तो त्याच घराण्यातला. मावळातल्या हरितगृहांतून व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जाणारा लांब दांड्याचाही तोच. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्यावर अनेक घरे चालतात. दांडा, टिकाऊपणा आणि रंग यांना भाव होता म्हणून पैदासकारांनी तेच जोपासले. वासाला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून वास मागे पडला.

चैती गुलाबाचेही तेच होण्याची भीती आहे. चंदन महागले तसे अत्तराच्या भपक्यात पॅराफिनसारखी तेले आली. ज्या पिकाचा हंगाम जेमतेम महिन्याचा, त्याच्या शेतकऱ्याला उरलेले अकरा महिने काढायचे असतात. त्याचे पाणी आणि कारखान्याचे पाणी एकाच फळीवर, शेजारी शेजारी आणि एकाच नावाने विकले जात असेल, तर स्वस्त बाटली जिंकणार हे उघड आहे. परंपरा जपण्याची भाषणे देऊन यात फरक पडत नाही. फरक पडतो तो गिऱ्हाइकाने दुकानात चौकशी केल्याने.

घरी बरणीत पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर लावून, तोंडाला दादरा बांधून, गच्चीवरच्या उन्हात गुलकंद घालणाऱ्या घरांना हे सांगायची गरज नाही. तिथे फुलवाल्याला ‘गावठी आहे ना? औषध मारलेले नको’ असे बजावल्याशिवाय पाकळी घरात येत नाही. तोच प्रश्न गुलाबपाण्यालाही विचारावा. परीक्षा अवघड नाही. खरे गुलाबपाणी रंगहीन असते. बाटलीतले गुलाबी दिसले तर रंग वरून घातलेला आहे. घटकांच्या यादीत पाण्यापुढे केवळ ‘सुगंध’ लिहिले असेल, तर ती बाटली खाली ठेवावी. खऱ्या पाण्याला पैसे जास्त पडतील, पण शिडकाव्याला लागते किती? छोटी बाटली हळदीकुंकवाला पुरते. अक्षय्य तृतीयेला अजून अवकाश आहे. यादी करताना डाळ आणि कैरीच्या खाली गुलाबपाणी लिहाल, तेव्हा त्यापुढे ‘फुलांचे’ एवढे लिहा आणि दुकानदाराला ते वाचून दाखवा.