लाल शाईचा जुलूम

पोरांना गोष्ट लिहायला शिकवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कुणाच्या भाषेत, हे एकजण बोलत नाही.

सातवीत मी गोष्ट लिहिली. आई बोलते तसं ‘व्हतं’ लिहिलं. मास्तरनं लाल शाईनं पान रक्तबंबाळ केलं. मॅट्रिक होईस्तोवर मग मी पाठ केलेले निबंधच ओकलो. गोष्ट मेली ती मेलीच.

माझं तर घरचं नि शाळेचं मराठीच होतं. भामरागड-धानोऱ्याच्या पोराचं काय? घरात माडिया, गोंडी. वर्गात पुस्तकी मराठी. पहाटे मोहफुलं कशी वेचतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता कसा तोडतात, त्याला सगळं ठाऊक. फळ्यावर विषय येतो: ‘मी पाहिलेला समुद्र’. पोर गप्प. शेरा मिळतो, कल्पनाशक्ती नाही. अरे, शक्ती आहे. तुम्ही तिची जीभ बाहेर ठेवून पोराला वर्गात घेतलंत!

घटनेचं कलम ३५०-क सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडीतनं शाळा काढली. २०२२ साली शिक्षण खात्याची नोटीस आली: परवानगी नाही, बंद करा. कायदा कुणाच्या कामाचा, बघा!

कुणी म्हणेल, मराठी नाही आली तर नोकरी कुठली? बरोबर. मराठी यायलाच पाहिजे. पण तोंड दाबून कुठली भाषा येते?

म्हणून तिथं जा, पण मास्तर होऊन जाऊ नका. गावातलीच शिकलेली पोरगी नाहीतर पोरगा सोबत घ्या. लहानग्यानं बोलायचं, त्यांनी गोंडीतच, देवनागरीत, जसंच्या तसं उतरायचं. परत वाचून दाखवायचं. सवाल एकच: मग काय झालं? आपलं बोलणं कागदावर दिसलं की पोर स्वतः पेन मागतं. मराठी त्याच गोष्टीचा हात धरून येईल.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, १९८२ ला वेगळं झालं. यंदा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाल, तेव्हा पिशवीत कोऱ्या वह्या घाला आणि पुढची एसटी धरा. लाल पेन घरीच राहू द्या.

जय भीम!