वाघ दिसला का?

मेळघाटातून कोणी परत आला की आमच्या अकोल्यात त्याला एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" नाही म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू घरात काही अशुभ घडले आहे. गेल्या हिवाळ्यात शहानूरच्या फाटकाशी एक सद्गृहस्थ जिप्सीतून उतरता उतरता वाटाड्यावर ओरडले, "कायचं जंगल हाय बे हे! पैसे पान्यात गेले ना!" वाटाड्या कोरकू, वयाने त्यांच्या वडिलांएवढा. तो गप्प राहिला. म्हणून मी बोलतो.

माझे म्हणणे सरळ आहे. वाघाचाच हट्ट धरून गेलेला माणूस जंगल पाहतच नाही. आणि ही खोड आता आपण मुलांनाही लावली आहे.

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ साली झाला; देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. पण वाघ राखायचा तर सांबर राखावे लागते, सांबरासाठी गवत आणि गवतासाठी पाणी. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या याच डोंगरांतून तापीकडे जातात. एवढा संसार मांडला आहे, आणि आम्ही घरधन्याचे तोंड दिसले नाही म्हणून रुसून परततो!

रानपिंगळ्याचीच हकीकत घ्या. वीतभर घुबड. शास्त्रात त्याची नोंद १८७३ ची. १८८४ नंतर तो कोणा अभ्यासकाच्या हाती लागेना. कागदोपत्री मात्र १९१४ सालचा एक नमुना होता, माइनर्ट्‌झहागेन नावाच्या लष्करी साहेबाचा. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ते वाळलेले कातडे बारकाईने तपासले. साहेबाने जुनाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी डकवली होती! खोटी चिठ्ठी दूर झाल्यावर बाई आणि त्यांचे सोबती खऱ्या ठिकाणांच्या मागे लागले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पिंगळा सापडला. पुढे तो आमच्या मेळघाटातही निघाला. हा पक्षी भर दिवसा फांदीवर बसतो हो! ११३ वर्षे तो लपला नव्हता, पाहणारा नव्हता.

पाहणारा कसा असतो, ते मारुती चितमपल्लींनी आपल्याला दाखवले. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला, मेळघाटातही राहिला. नोकरी पुष्कळ जण करतात. यांनी आदिवासींच्या पायाशी बसून रान शिकले, आणि कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' असा शब्द मराठीला दिला. २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांना कोणी वाघांची संख्या विचारून मोठे ठरवले नाही.

ज्यांच्याकडून ते शिकले त्या लोकांचे आपण काय केले? वाघासाठी जागा हवी म्हणून कोहा, कुंड, बोरी ही गावे या शतकाच्या आरंभी जंगलातून उठून अकोट तालुक्यात आली. जावे की राहावे, हा वाद मोठा आहे. पण एवढे खरे की माणसे उठली, तेव्हा रानाची अर्धी वहीही त्यांच्याबरोबर उठली. आणि ती उघडून पाहावी असे आम्हा शहरवासीयांना वाटले नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, वाघामुळे पैसा येतो आणि पैशामुळे जंगल टिकते." पैसा येतो, हे मान्य. पण तिकिटाचे प्रेम तिकिटापुरते. अकोला–खांडवा लोहमार्ग रुंद करताना तो मेळघाटातून न्यावा की बाहेरून, हा वाद आपल्याच दारात झाला. अशा वेळी उभा राहतो तो वाघ न दिसल्याने चिडलेला प्रवासी नव्हे, रान ओळखणारा माणूस.

दोष दुसऱ्यांना देऊन मी सुटत नाही. सेमाडोहला शाळेची सहल नेली होती. सातवीतला एक पोरगा झुडपाशी उकिडवा बसून कोळ्याचे जाळे पाहत होता. आधी आरे, मग फेरे. कोळ्याचे काम शिस्तीत चालले होते. मी ओरडलो, "ऊठ रे! गाडी सुटेल, वाघ राहील!" पोरगा उठला. वाघ दिसला नाहीच, आणि जाळे पुरे झालेले त्याने पाहिले नाही. त्या दिवशी जंगलात खरा विद्यार्थी एकच होता, आणि त्याला मास्तराने उठवले.

या दिवाळीच्या सुटीत मेळघाटात जाणार असाल तर जरूर जा. वाटाड्याला 'अहो' म्हणा, त्याचे नाव विचारा, आणि झाडांची त्याच्या भाषेतली नावे मुलांना लिहून घ्यायला लावा. मूल कुठे उकिडवे बसले, तर गाडी थांबवा.