नियम कोणासाठी?

हाली शिक्का ज्यांनी हाताळला असे वडीलधारे आता थोडेच उरले. सात हालींना सहा कलदार, आणि सरहद्द ओलांडताच करोडगिरी, हा आमच्या बाजारपेठांचा एके काळचा नित्यक्रम होता. 1950 साली हैदराबादचे आर्थिक एकीकरण झाले, 1959 साली हाली चलनातून गेला. आज विद्यानगरचा दुकानदार व सोलापूरचा व्यापारी एकाच रुपयात हिशेब करतात. परंतु केंद्राने त्या वेळी संस्थानाचे उत्पन्न तेवढे घेतले नाही. त्यामुळे पडणारी तूट भरून देण्याचा भारही उचलला.

युरोपने नेमके हेच टाळले. 1992 च्या मास्ट्रिख्ट कराराने तुटीस 3 व कर्जास 60 टक्क्यांची मर्यादा घातली, नाणे एक केले, तिजोऱ्या मात्र वेगळ्याच ठेवल्या. 2003 साली फ्रान्स व जर्मनी यांनी मर्यादा मोडली, तेव्हा कारवाई स्थगित झाली. 2010 नंतर ग्रीसच्या निवृत्तिवेतनाला मात्र कात्री लागली! 2012 चा वित्तीय करार आला, 2024 साली नियम पुन्हा सुधारले. थोरामोठ्यांना त्यांचा धाक आहे काय?

आणि आपण तरी युरोपला कोणत्या तोंडाने हसावे? 2023-24 मध्ये केंद्राची तूट 5.6 टक्के, राज्यांना मात्र 3 टक्क्यांच्या आसपासची वेसण, वर घटनेच्या 293 व्या कलमाचा अंकुश. 2023 साली केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले ते याच कर्जमर्यादेवरून. उधळ्या राज्यांचे लाड करावेत असे आम्ही म्हणत नाही. केंद्राने आधी त्याच मापाने स्वतःस मोजावे, आणि राज्यांची मर्यादा राज्यांना विचारून ठरवावी, एवढीच आमची मागणी आहे.