मात्रेचा विचार आधी, यशाची वार्ता नंतर

'रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे' हे विशेषण आपल्या व्यवसायात इतके सुलभ झाले आहे की, ती शक्ती किती वाढावी आणि कोणत्या धातूवर उलटू नये, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे गांभीर्य ध्यानी यावे म्हणून उरेलुमॅब या औषधाचा वृत्तांत वैद्यबंधू व औषधविक्रेते यांच्यापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उरेलुमॅब हे टी-पेशींवरील सीडी १३७ या ग्राहीस चेतविणारे प्रतिद्रव्य होय. चेतलेल्या पेशींनी अर्बुदाचा नाश करावा, ही त्यामागील कल्पना. रूढ उपचारांनंतरही ज्यांचा कर्करोग बळावला, अशा रुग्णांवर त्याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या. अशा चाचणीत रोगनाशापेक्षा सुरक्षित मात्रेचा शोध प्रधान असतो. दर किलो शरीरभारास १ मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेत अनेकांच्या यकृतास तीव्र इजा झाली आणि दोन रुग्ण दगावले. चाचण्या थांबल्या; पुढे ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेवर पुन्हा आरंभल्या. २०१७ साली ३४६ रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्प मात्रा सुसह्य ठरली. पण एकट्या या औषधाने फारसा लाभ दिसला नाही.

हे आधुनिक शास्त्राचे अपयश म्हणून कोणी हसू नये. ते दोन मृत्यू लिहिले गेले, मोजले गेले, म्हणूनच पुढील रुग्णांची मात्रा उतरली. मात्रा चुकली की औषधही विष होते, हे आपल्या संहितांचेच सांगणे आहे. पण त्याची नोंदवही आपण किती जण ठेवतो?

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वापरलेल्या वनस्पतीची निश्चित ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता. तथापि द्रव्याची ओळख, मात्रा आणि सेवनकाल यांची नोंद विक्रीच्या वेळीच झाली असती, तर वादाला इतका वाव उरला नसता.

परंपरेचा अनुभव हेच सुरक्षिततेचे प्रमाण, असे काही वैद्यवर मानतात. परंपरेचा आम्हांस आदर आहे. परंतु निवोलुमॅब वा पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णास घनसत्त्वाच्या गोळ्या देण्याचा अनुभव कोणत्याही परंपरेपाशी नाही. ही औषधे स्वतःच यकृत व आतड्यांचा दाह उत्पन्न करू शकतात. तेथे आणखी एक उत्तेजक मिसळल्यास दोष कोणाचा, हे ठरविणे दुरापास्त होते आणि त्याचे भोग रुग्णाच्या वाट्यास येतात.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णास चालू उपचार विचारावेत. तो चाचणीत सहभागी असल्यास तेथील चिकित्सकांच्या संमतीविना रसायन देऊ नये. उपद्रव आढळल्यास आयुष औषधांसाठीच्या औषध-दक्षता केंद्रास कळवावे. औषधविक्रेत्यांनी प्रत्येक विक्रीत समूह क्रमांक लिहावा आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे विसरू नये.

नोंद ठेवल्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा उणावेल, ही भीती निराधार आहे. जे शास्त्र आपले उपद्रव स्वतः लिहिते, त्याच्या यशाच्या वार्तेवरच लोक विश्वास ठेवतात.